भाकरीवरचा 'ला'

आज सुनेची भाकर तव्यावर करपली अन् त्या वासानं मी लई मागं गेले.

माय लातूरला दवाखान्यात होती. पाटी वाचता येईना म्हणून औशाच्या स्टँडावर मी भलत्याच बसमधी बसले, अन् तिच्यापाशी पोचायला संध्याकाळ झाली. तवाच ठरवलं, अक्षरं शिकायची. माझी लेक शांता शाळेतून आली की काठवटीतल्या पिठात माझं बोट धरून गिरवून घ्यायची. एक दिवस तव्यावरच्या भाकरीला पाणी लावायचं सोडून मी ओल्या बोटानं तिच्यावर 'ला' काढला. बाकी भाकर कोरडीच राहिली, तडकली, करपली.

घरधनी ताटावर बसलेले. "काय गं, भाकरी करतीस का शाळा?"

आता हे शिकणं बंद, असंच वाटलं मला.

"बाबा, तो लातूरचा 'ला' हाय," शांता म्हणली.

त्यांनी भाकर उजेडाला धरली. त्यांना बी वाचता येत नव्हतं. कडंकडंनं सगळी खाल्ली, अक्षराचा तुकडा शेवटाला ठेवला. मग हळूच म्हणले, "उद्या माझं नाव काढ. पर पिठातच काढ, बाई."

दुसऱ्या दिवशी काठवटीत दोन बोटं होती, माझं अन् त्यांचं.

आज सुनेची करपलेली भाकर मीच वाढून घेतली.