हेमाचा गोठा सासरहून माहेरी

मागच्या महिन्यात एका रविवारी बोरीवलीच्या गावठाणात आम्ही एक गोठा उतरवला… हो, गोठाच. सागाचे खांब, त्यावर तुळया, वर कौलं. चारी बाजूंनी टॉवर आले तरी हा आपल्या जागी उभा होता.

गोठा माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा, हेमाचा. तिच्या सासऱ्यांनी बांधलेला. ती लग्न होऊन आली तेव्हा त्यात गाई होत्या आणि पहाटेची धार हीच काढायची. पुढे गाई गेल्या, सासरे गेले, नवराही गेला. आता जागा रिडेव्हलपमेंटला गेली, आणि बिल्डरच्या माणसाने सांगितलं की मशीन आलं की लाकूड भंगारात जाईल.

हेमाने ते मनावर घेतलं. वसईला तिच्या माहेरची वाडी आहे, तिथे गोठा जसाच्या तसा उभा करायचा असं तिने ठरवलं. धाकटा भाऊ विलास नाही म्हणाला नाही, पण खूषही नव्हता. "उभा राहिला तर ठेव ताई, नाहीतर लाकडं चुलीला घेईन," असं त्याने स्वच्छ सांगितलं.

मदतीला मी आणि शैला. तीही आमच्याच वर्गातली. सुतार आणि त्याची माणसं वर चढणार, आम्ही खाली खुणा करणार असं ठरलं.

मला कच्चं काम चालत नाही. खडू वगैरे नाही, सरळ ऑइलपेंटचा डबा घेऊन गेले. उजवीकडच्या खांबांवर 'उ', डावीकडच्यांवर 'डा' आणि पुढे नंबर. पुढचे खांब मी रंगवले, मागचे शैलाने.

अख्ख्या गोठ्यात लोखंडी खिळा नव्हता, सगळ्या लाकडी खुंट्या. त्या एकेक करून ठोकून काढल्या. संध्याकाळी गोठा टेम्पोत, आणि हेमा ड्रायव्हरच्या शेजारी…

पुढच्या रविवारी वसई. पुढचा भाग झकास उभा राहिला. मागच्या खांबांवर मात्र तुळई बसेना. एक टोक खाचेत गेलं की दुसरं बाहेर.

सुतार म्हणाला, लाकूड फिरलंय, नवीन खाचा पाडाव्या लागतील. मी म्हटलं, करवत लावायची नाही. जुनं लाकूड एकदा चिरलं की संपलं. विलास हाताची घडी घालून बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला चूल दिसत होती.

हेमा मागच्या एका खांबापाशी गेली आणि त्यावरून हात फिरवला. मग दुसऱ्यावरून. मग पुढे जाऊन तिथल्या खांबांवरून.

"अगं, आम्ही गाई काय बाहेर बांधत होतो?" ती म्हणाली.

आम्हाला आधी कळेना. मग तिने आमचे हात धरून खांबांवर ठेवले. वर्षानुवर्षं गाईंनी अंग घासून प्रत्येक खांब आतल्या बाजूने गुळगुळीत झाला होता. पुढचे खांब आतूनच गुळगुळीत होते… मागचे मात्र बाहेरून. म्हणजे उजवे डावीकडे गेले होते आणि डावे उजवीकडे.

सगळ्यांनी शैलाकडे पाहिलं. मी विचारलं, उजवी बाजू कुठून धरलीस? मी दारातून आत शिरताना धरली होती.

"मी गाईच्या उजव्या हाताला धरलं," शैला म्हणाली. "ती दाराकडे तोंड करून उभी राहणार ना? गोठा तिचा आहे."

"गाईला हात कधीपासून आले गं?"

"मग तू आधी सांगायचंस ना, मेजर."

कॉलेजात मी एनसीसीत होते, तेव्हापासून या दोघींसाठी मी मेजर. आणि तिचं बरोबर होतं. उजवी म्हणजे कुणाची, हे मी सांगितलंच नव्हतं.

मागचे खांब इकडचे तिकडे केले. तुळई चढवली, सुताराने वरून दोन ठोके दिले आणि ती खाचेत बसली… तो आवाज ऐकून शैला चक्क रडली. हेमा नाही रडली. ती खालून सुताराला पुढची तुळई कोणती ते सांगत होती.

दिवस कलला तेव्हा अर्धी कौलं चढली होती. विलास मधेच कुठेतरी गेला आणि आपली गाय घेऊन आला. दारात थांबला.

"ताई, हिला कुठे बांधू?"

हेमाने जागा दाखवली. त्याने बांधली.

सासरहून माहेरी येताना बाई पिशवीभर काहीतरी आणते. माझी मैत्रीण अख्खा गोठा घेऊन आली, आणि एकही खांब न कापता उभा केला. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही… हिचं भेटेल त्याला सांगत सुटले आहे.