भावजींचं नाक

आमचे भावजी प्रवासवर्णनं लिहितात. म्हणजे लोकांना तसं वाटतं. मासिकाच्या संपादकांनी त्यांना एकदा सुनावलं, की नुसत्या इमारती काय मोजता, वास, चव, आवाज येऊ द्या. वाचकाला तिथं गेल्यासारखं वाटलं पाहिजे. झालं! तेव्हापासून त्यांच्या लेखांत दर चार ओळींनी काहीतरी दरवळतं.

आता खरी गंमत ऐका. एका आजारपणानंतर भावजींना वासच येत नाही. शेजारी स्वयंपाकघरात दूध करपून कोळसा झालं, तरी हा गृहस्थ टेबलाशी बसून 'ओल्या लाकडाचा हळवा गंध' लिहीत असतो. हे फक्त घरात माहीत. बाहेर मात्र नाकानं कांदे सोलणं चालूच.

मग लेखांत वास येतो कुठून? माझ्या ताईकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून. प्रवासात तिला पुढं उभं करायचं आणि विचारायचं.

"बेकरीत कसला येतोय?"

"पावाचा. आणि ओलं फडकं तसंच टाकलंय कोपऱ्यात, त्याचा कुबट."

हे फडकं भावजींना सात जन्मांत सुचलं नसतं. लिहून घेताना मान अशी डोलवतात, जणू स्वतःच हुंगलंय!

लेखांचं पुस्तक निघायचं ठरलं, तेव्हा ताईनं एकच मागितलं. "मी सोबत होते, एवढं कुठंतरी लिहा."

"हो गं, त्यात काय!"

पुस्तक आलं. ताईनं चष्मा लावून ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. सुरुवातच होती, 'मी नेहमी एकटाच भटकतो.' ती स्वतःला शोधत राहिली; सापडलं ते फडकं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भावजींना चार शब्द सुनवायला उठलो, तर तिनं माझा हात धरून खाली बसवलं.

दुसऱ्या पुस्तकासाठी आम्ही एका बंदरावर गेलो. गाडी चालवायला मी होतो. धक्क्यावर होड्या रिकाम्या होत होत्या, दोर वाळत पडले होते. भावजींनी पेन सरसावलं.

"हं, बोल. कसला वास?"

ताईनं डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला, मग सावकाश आणखी एक घेतला. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"मला सर्दी झालीय," ती म्हणाली.

भावजींचा चेहरा खर्रकन उतरला. ते माझ्याकडे वळले. "तू तरी सांग रे!"

मी खिशातून रुमाल काढला आणि जोरात नाक शिंकरलं.