कांद्याचा पापुद्रा

विद्यापीठाने गावोगावच्या लोकांसाठी विज्ञान प्रदर्शन काढलं होतं आणि ते आमच्या अंबरनाथला येणार असं कळलं. तेव्हा मी इंटर सायन्सला होते. स्वयंसेवकांच्या यादीत पहिलं नाव मी घातलं. खरं सांगते, विज्ञानाचा प्रसार वगैरे माझ्या डोक्यात काही नव्हतं. मला आईला मायक्रोस्कोप दाखवायचा होता, बस्स.

आईने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. बदलापूरकडच्या भातशेतीवाल्यांची लेक, लग्न होऊन कारखान्याच्या चाळीत आली. वडील तिथे सुपरवायझर. ते म्हणायचे, "पोरीला शिकवून काय कलेक्टर करायचीय?"  पण संध्याकाळी मी कॉलेजातून आले की आई भाकरी थापता थापता विचारायची, "आज काय बघितलंस गं?" मी सांगायची, पाण्याच्या एका थेंबात केवढे जीव पोहत असतात ते. ती म्हणायची, "चल, काहीतरीच तुझं! मला नाही बाई खरं वाटत." मग मी हट्टाला पेटायचे. म्हटलं, थांब, एकदा तुझ्या डोळ्यांनीच बघ.

प्रदर्शन शाळेच्या दोन खोल्यांत मांडलं होतं. मायक्रोस्कोपचं टेबल माझ्याकडे आलं, ते खिडकीपाशी, कारण खालच्या आरशावर उन्हाचा उजेड पडावा लागतो. सकाळीच जाऊन मी वालधुनी नदीच्या काठचं हिरवट पाणी बाटलीत भरून आणलं होतं. छातीवर बिल्ला लावला आणि काय सांगू, मला तर आभाळ ठेंगणं झालं.

गर्दी ही झाली! चिखलोलीच्या बायका आल्या, उल्हासनगरच्या बराकींतल्या सिंधी बायका पोराबाळांसकट आल्या. आणि पहिल्याच तासाला पंचाईत. माझ्या जोडीला वर्गातला एक मुलगा होता. तो बिचारा सरळपणे एका बाईला म्हणाला, "एक डोळा मिटा आणि दुसऱ्याने बघा." बाई कडाडल्या, "आयाबहिणींना डोळे मिचकवायला सांगतोस? लाज नाही वाटत?" मागून एक सिंधी म्हातारी हिंदीत काहीतरी बोलली आणि सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. पोरगा घामाघूम. चारचौघांत एक डोळा मिटणं हे बाईमाणसाचं काम नव्हे, हे आम्हा शहाण्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

तोडगा मी काढला. बाई वाकली की तिचाच पदर, नाहीतर ओढणी घ्यायची आणि मी आपल्या हाताने तिच्या उजव्या डोळ्यावर धरायची. उजव्याच, कारण आमच्या सरांची शिस्त होती: बघायचं डाव्या डोळ्याने, म्हणजे उजव्या हाताने शेजारी चित्र काढता येतं. आता तिथे कोण चित्र काढणार होतं? पण नियम म्हणजे नियम. सरांनी शाबासकी दिली. मी आणखीच फुगले.

दुपारी कुणाच्या तरी पोराने पाण्याची बाटली लवंडली. पुन्हा वालधुनीवर कोण जाणार? म्हणून मी कांद्याचा पापुद्रा काचेवर लावला. तोही सुंदरच दिसतो, भिंतीच्या विटा रचाव्यात तसे कप्पेच कप्पे.

आणि तेवढ्यात आई आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, वडिलांच्या बरोबर.  वडील तिच्या शेजारी हाताची घडी घालून उभे राहिले, चाळीतल्या चार बायका मागे. आई वाकली. मी तिचा पदर धरला.

"दिसतंय का?"

ती बराच वेळ तशीच राहिली. मग म्हणाली, "दिसलं गं! किती छान!"

"काय दिसलं?"

"ते काय, तू सांगायचीस ते. किडे. कसे वळवळतायत बघ!"

माझ्या जोडीचा तो मुलगा फिसकन हसला. चाळीतल्या बायकांना काही कळलं नाही, पण त्याही हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांदेखत मी ओरडले, "अगं आई, कांदा आहे तो! काहीही काय सांगतेस? दिसलं नाही तर नाही म्हण ना!"

आईही हसली. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं," म्हणाली आणि बाजूला झाली. वडील म्हणाले, "चल आता."

मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिने माझ्या कौतुकाची थट्टा केली असं मला वाटलं. त्यानंतर "आज काय बघितलंस" हे तिने विचारणं बंद केलं. का बंद केलं, हे मी तरी कुठे विचारलं? त्या प्रश्नासाठी जीव किती तुटतो, हे आता कळतं. पुढे मी उल्हासनगरला शाळेत विज्ञान शिकवायला लागले, प्रयोगशाळेची किल्ली माझ्याच कमरेला होती, पण आईला कधी बोलावलं नाही.

वडील गेले. दिवसकार्य उरकल्यावर आम्ही दोघी मसूर निवडत बसलो होतो. आई सहज म्हणाली, "आता सांगायला हरकत नाही. मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. लहानपणी विटी लागली होती. वरून कळत नाही, पण आत काळोख. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने शपथ घातली होती, सासरी कुणाला कळू देऊ नकोस, नवऱ्याला तर नाहीच नाही."

मसूर माझ्या हातातच राहिला. "आणि त्या दिवशी प्रदर्शनात?"

"तुझे बाबा शेजारीच उभे होते ना."

"अगं पण मग पदर बाजूला करायचा!"

"तू धरला होतास," ती म्हणाली. "इतक्या हौसेने धरला होतास."

म्हटलं, "आई, उद्याच चल माझ्या शाळेत. उजव्या डोळ्याने बघ." ती म्हणाली, "उजव्यानेही आता माणसं सावल्यांसारखी दिसतात. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला. तूच सांग की. त्या कांद्यात काय होतं गं?"

वर्षानुवर्षं पोरांना हे मी घडाघडा सांगत आले होते. "विटांसारखे कप्पे असतात, आई," एवढंच म्हणाले.