रडायचं नाय

पालीहून रत्नागिरीला येणाऱ्या सकाळच्या एसटीत ती रोज भेटते. काजूच्या कारखान्यात कामाला जाते, आणि त्याआधी तीन वर्षांच्या लेकीला पाळणाघरात सोडते. दर थांब्याला पोरीच्या कपाळाला हात लावून बघते. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "ताप असला तर घेत नाय ओ ताई. अर्धा पगार तिथंच जातो, नि रडक्या पोरांचे जास्त घेतात. म्हणून हिला शिकवलंय, रडायचं नाय."

तेव्हापासून त्या कपाळाकडे मीही बघत असते.

काल हातखंब्याच्या वळणावर पोरीचं डोकं पुढच्या दांड्यावर आपटलं. डोळे भरले, पण तिने ओठ घट्ट मिटून आईकडे पाहिलं.

आईने तिला छातीशी धरलं.

"रड गो बाय," ती म्हणाली, "अजून गाडीतच आहोत."