आठ दिवस त्याच्या मनगटावर

राजारामपुरीतला तो घड्याळजी दुरुस्त केलेलं घड्याळ लगेच कधीच देत नसे. आधी आठ दिवस स्वतः बांधायचा. ते हातात असतानाच म्हशीची धार काढायचा, सायकल हाणायचा. कुणी कुरकुरलं की ओरडायचा, "टेबलावर समदीच चालत्यात की! हातावर चालाय पायजे."

माझं घड्याळ स्वस्तातलं, पण जुन्या घाटाचं. सेकंदकाटा खाली वेगळ्या छोट्या तबकडीत. शाळेत सगळे त्याला हसत. एका मोठ्या दुकानदारानं तर तोंडावर सांगितलं, "टाकून द्या, मास्तर." यानं मात्र ते लगेच उघडलं. पुढचे आठ दिवस माझा जीव त्या म्हशीच्या पायांपाशी अडकलेला.

नवव्या दिवशी बाराला दोन मिनिटं कमी असताना गेलो. त्यानं मनगट माझ्या डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाला, "थांबा." दोन्ही मोठे काटे बारावर आले, छोटा साठावर पोचला आणि त्याच क्षणी मिलचा भोंगा वाजला.

घड्याळ माझ्या हातावर बांधत तो अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा गरजला, "मास्तर, आज भोंगा बरोबर झाला बगा!"