खालचा सिलिंडर

सुमनआत्या कुणाच्याही घरी गेली की आधी उतार शोधायची. तिच्या जीपची बॅटरी म्हातारी. उतारावर लावली की ढकलायला माणसं गोळा करावी लागत नसत. दारात चांगला उतार आहे, एवढ्यावर तिने माझ्यासाठी पेणमधलं एक स्थळ सुचवलं होतं. ते जमलं नाही. पुढे रोह्याची मुलगी ठरली.

लग्नाच्या सकाळी मला घेऊन तीच निघाली. कासूच्या पुढे क्लचचं पेडल खाली गेलं ते वर येईना. आत्याने गाडी कडेला घेतली, पदर खोचला आणि पेडलखालची चटई चाचपली. कोरडी होती. "वर गळती नाय. क्लचचा वरचा सिलिंडर ठीक हाय," ती म्हणाली. बाटलीतलं तेल क्लचच्या टाकीत ओतून ती गाडीखाली शिरली. मला फेट्यासकट तिच्या सीटवर बसवलं होतं.

"दाब," खालून आवाज आला. मी दाबलं.

"सोड. मुलगी मनापासून पसंत हाय ना?"

"आत्या, हे आत्ता?"

"दाब. तोंडावर कुणी खरं बोलत नाय. मी खाली हाय, बोल."

याद्या, बोलणी, खरेदी सगळं झालं होतं. हे मात्र मला कुणी विचारलंच नव्हतं.

"व्हय. पसंत हाय."

"मग खालचा सिलिंडर गेला. सगळं तेल तिथून गळतंय."

"आणि पसंत नसती तर?"

"तर गाडी पेणला वळवली असती. बिघाड तोच."

क्लच नाही म्हणून तिने आधीच पहिला गियर टाकून चावी फिरवली. मी आणि शेतातून आलेल्या दोघांनी मागून जोर लावला. जीप गचके देत निघाली, तशी मी चालत्या गाडीत उडी मारली.

"आता रोह्याशिवाय थांबणं नाय," आत्या म्हणाली.

खांब गावाला माझे मामा पेढ्यांचा खोका घेऊन रस्त्यावर उभे होते. आत्याने वेग जेमतेम कमी केला. "मामा, पळा," ती शांतपणे म्हणाली. मामा पळाले. आधी खोका आत आला, मग मामा, आणि त्यांचा एक बूट खांबलाच राहिला. मुहूर्त मात्र गाठला.

गेल्या वर्षी मी बिनक्लचची ऑटोमॅटिक गाडी घेतली. गुडघे गेलेल्या आत्याला शेजारी बसवून रोह्याला नेलं. वाटेत तिचा डावा पाय रिकाम्या जागेत काहीतरी शोधत होता. त्यानंतर दोनच महिन्यांत ती गेली. रोह्याच्या त्या फेरीत उतरताना तिने दारावरून एकदा हात फिरवला.

"चांगली हाय," ती म्हणाली. "पण हिला आपली गरज नाय."