भाकरी उलटण्याआधी

माझी थोरली बहीण बुद्धीनं अधू होती. आम्ही तिला अक्का म्हणायचो. भाकरी ती सुरेख थापायची, पण तव्यावरची उलटायची वेळ आली की तिचा हात थबकायचा आणि ती आईचा चेहरा शोधायची. आईनं मान हलवल्याशिवाय उलटायची नाही, भाकरी करपली तरी. आई करवादायची, "माझ्या तोंडाकडं काय बघती? तव्याकडं बघ!"

बहात्तरच्या दुष्काळात कोपरगावला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून ती घरी आली. मला भाकरी येत नव्हती आणि पीठ होतं रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीचं. उलटायला जरा घाई केली की तुकडेच.

अक्कानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि सवयीनं आईकडं पाहिलं. पण आईला तवाच दिसत नव्हता, मान हलणार कशी? अक्काचा हात थबकला. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

तिनं भाकरी उलटली. अख्खी उलटली, फुगलीसुद्धा. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात ती माझ्यावरच खेकसली, "माझ्या तोंडाकडं काय बघती? तव्याकडं बघ!"